दक्षिण कोरिया, २०२४: लोकशाही वाचवली कोणी? माणसांनी की कलमाने?

मुळामुठा (धागाकर्ता)
३ डिसेंबर २०२४. सोलमध्ये रात्रीचे साडेदहा वाजत आलेले, आपल्याकडे सातच्या बातम्या लागायच्या बेतात. राष्ट्राध्यक्ष यून सुक योल टीव्हीवर आले आणि त्यांनी मार्शल लॉ पुकारला. राजकीय हालचालींवर बंदी, माध्यमं लष्कराच्या ताब्यात, संपावरच्या डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर हजर व्हावं, वगैरे. पहाटे साडेचारला सगळं मागे. उणेपुरे सहा तास.

तेव्हापासून एकच पालुपद ऐकतोय: जनता रस्त्यावर आली म्हणून वाचले. मला नाही पटत. वाचवलं ते त्यांच्या घटनेतल्या ७७व्या कलमाने. संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉ उठवावाच लागतो. ३०० पैकी १५१ पुरे होते; १९० पोचले आणि १९०च्या १९० मतं पडली, रात्री एकला. आपल्याकडे ४४व्या दुरुस्तीनंतर लोकसभेचे एक दशांश सदस्य आणीबाणीविरुद्ध खास बैठक मागू शकतात, पण ती बोलवायला १४ दिवसांची मुदत. तिथे अडीच तासांत मतदान उरकलं. पटत नसेल तर भांडा.

खवचट_काकू
कलम काय स्वतःच्या पायांनी कुंपण चढलं का रे? तेव्हाचे संसदेचे अध्यक्ष वू वॉन-शिक, त्या वेळी वय ६७. पोलिसांनी फाटकं अडवली म्हणून गडी कुंपणावरून आत गेला. तेव्हाचे विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग यांनी गाडीतूनच लाइव्ह सुरू केलं, लोकांना "संसदेपाशी या" म्हणून सांगितलं, आणि कुंपण चढतानाही फोन चालूच. आत कर्मचाऱ्यांनी दारांना सोफे-खुर्च्या लावल्या आणि सैनिकांवर आग विझवायची नळकांडी फवारली. बाहेर लोक लष्करी गाड्यांच्या आडवे उभे.

१९७५ला आपल्याकडे घटना नव्हती? होती की! २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली, नेते पहाटेपर्यंत उचलले, आणि पुढच्या महिन्यात त्याच संसदेने शिक्का मारून दिला. कागद तोच, माणसं वेगळी.

शेतातली_वाट
तुम्ही दोघंही सैनिकांना विसरताय. हेलिकॉप्टरना बंद हवाई हद्दीत शिरायची परवानगी लगेच मिळाली नाही, तिथे मोलाची मिनिटं गेली. खिडक्या फोडून आत शिरलेले जवानही रेटून पुढे गेले नाहीत. आन ग्वी-र्योंग या तेव्हाच्या विरोधी पक्षाच्या प्रवक्त्या. त्यांनी एका सैनिकाची रायफल धरून "लाज नाही वाटत?" असं विचारलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. सगळे बाईंचं कौतुक करतात, करायलाच हवं. पण त्याने गोळी घातली नाही, हे कुठे मोजायचं? १९८०च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लोकशाहीसाठी रस्त्यावर आलेल्या नागरिकांना सैनिकांनी घातली होती. २०२४ला हुकूम देणारा तयार होता, ऐकणारा नव्हता.

सुवॉनचा_कोल्हापूरकर
मी इथेच राहतो, म्हणून लिहितो. या देशात बारीकसारीक गोष्टींचे सरकारी मेसेज येतात. बर्फ पडला, रस्ता निसरडा झाला, कोणी आजोबा हरवले, की फोन केकाटतो. त्या रात्री फोन गप्प! मला मार्शल लॉ कळला तो कोल्हापूरहून आईचा फोन आला तेव्हा: "अरे, तुमच्याकडं मिल्ट्री आली म्हणं?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस नेहमीसारखं. शेजारचे साहेब पन्नाशीचे, एरवी कामाशिवाय शब्द नाही. जेवताना म्हणाले, रात्री आईने तीनदा फोन केला, बाहेर पडू नकोस म्हणून. त्यांचं बालपण ग्वांगजूचं. पुढे काही बोलले नाहीत, सूप संपवलं.

१४ तारखेला मी येओइदोला, म्हणजे संसद आहे तिथे, मोर्चाला गेलो. पोरींच्या हातात के-पॉप मैफलीतल्या रंगीत लाइट स्टिक. कॅफेत पैसे द्यायला गेलो तर काउंटरवरची म्हणाली, तुमची झालीये, कोणीतरी आधीच भरून ठेवलेत. घरबसल्या लोकांनी अशा शेकड्याने कॉफ्या आणि किंबाप (भाताच्या गुंडाळ्या) मोर्चेकऱ्यांच्या नावावर घेऊन ठेवले होते. थंडी मात्र बेक्कार होती.

निम्मा_रिकामा
छान. पण विरोधक काही धुतल्या तांदळाचे नव्हते. यून यांच्या भाषणातला हिशेब खोटा नव्हता: त्यांच्या कारकिर्दीत सरकारी अधिकाऱ्यांवर २२ महाभियोग प्रस्ताव, वर अर्थसंकल्पाला ४.१ लाख कोटी वॉनची कात्री. आणि २७ डिसेंबरला, यून यांच्यावरच्या महाभियोगानंतर काळजीवाहू राष्ट्राध्यक्ष झालेले हान डक-सू यांच्यावरही महाभियोग! संसद अशी अडून बसली तर सरकार चालवायचं कसं?

खवचट_काकू
@निम्मा_रिकामा बजेट कापलं म्हणून हेलिकॉप्टर पाठवायचं? आमच्या सोसायटीत दर वर्षी बजेट अडतं. चेअरमनने अजून तरी रणगाडा आणलेला नाही.

काठावरचा_प्रवासी
एक रात्र धरून बसलात. वर्ष केवढं वाईट गेलं ते बघा. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रवेशाच्या जागा ३,०५८ वरून दोन हजारांनी वाढवायचं ठरलं म्हणून फेब्रुवारीत हजारो शिकाऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले, आणि वर्ष संपलं तरी तिढा तसाच. २४ जूनला ह्वासॉन्गच्या लिथियम बॅटरी कारखान्यात आग, २३ मृत्यू, त्यात बहुतेक परदेशी मजूर. २९ डिसेंबरला मुआन विमानतळावर विमान चाकांविना उतरलं, धावपट्टीच्या टोकाला काँक्रीट घातलेल्या बांधावर आदळलं. १८१ पैकी १७९ गेले. बांध कशासाठी, तर उतरणाऱ्या विमानांना दिशा दाखवणारा अँटेना उभा करायला. त्या मजुरांसाठी, त्या प्रवाशांसाठी कुठलं कलम धावलं? आणि मोर्चे?

मुळामुठा
@काठावरचा_प्रवासी मान्य, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

काकूंना मात्र एक सांगतो. मतदानाआधीची मिनिटं आठवा. सैनिक इमारतीत, खासदार ओरडतायत "लवकर घ्या", आणि वू वॉन-शिक ठाम: ठराव रीतसर नोंदवला गेल्याशिवाय मतदान नाही. का? उद्या कोणी खुसपट काढू नये म्हणून. कलमावर एवढा भरवसा असलेला माणूस कुंपण चढतो. भरवसा नसता तर घरी गेला असता.

पण एक पाऊल मागे घेतो. ७ डिसेंबरला यून यांच्यावरचा पहिला महाभियोग पडला, कारण सत्ताधारी खासदार सभागृहातून निघून गेले. २०० हवे होते, १९५ जणांनीच मत टाकलं. त्याच दिवशी कोरियन लेखिका हान कांग स्टॉकहोममध्ये नोबेलचं व्याख्यान देत होत्या. ग्वांगजूबद्दल लिहिताना पडलेला प्रश्न त्यांनी सांगितला: मेलेले जिवंतांना वाचवू शकतात का? आठवड्याने २०४ मतं पडली. मधल्या आठवड्यात घटना बदलली नव्हती, रस्त्यावरची गर्दी वाढली होती. तेवढं काकूंच्या खात्यावर.

लासलगावकर
मोठ्या गोष्टी तुम्ही बोला, मी माझ्या मालाचं बोलतो. मार्चमध्ये यून सुपरमार्केटात गेले, सवलतीतली कांद्याच्या पातीची जुडी ८७५ वॉनला बघून म्हणाले, रास्त भाव आहे. बाहेर लोक तिप्पट-चौपट मोजत होते. निवडणूक आयोगाला सांगावं लागलं की निषेध म्हणून मतदान केंद्रात पात आणू नका! एप्रिलच्या संसद निवडणुकीत सत्ताधारी पक्ष १०८ जागांवर. कांद्याच्या नादी लागलेला पुढारी कुठेच वाचत नाही.
@सुवॉनचा_कोल्हापूरकर ही पात आपल्यासारखीच का?

सुवॉनचा_कोल्हापूरकर
नाही हो, अंगठ्याहून जाड आणि हातभर लांब. पिशवीतून निम्मी बाहेर राहते. झुणका मात्र झकास होतो.