मदत हवी आहे: घराची शाळा बदलतेय, काय करता येईल?

चिंचगूळ: घाईत लिहितेय. शाळांच्या हद्दींचा नवा नकाशा आलाय आणि आमचं घर दुसऱ्या शाळेत टाकलंय. रेषा आमच्याच गल्लीच्या मधून जाते. समोरच्यांची मुलं जुन्याच शाळेत, आमची चार मैल लांब! शाळा बघूनच घर घेतलं होतं हो. अपील करता येतं का? कोणी केलंय का? लवकर सांगा.

भटक्या: कुठली काउंटी? मुलं कितवीत?

चिंचगूळ: व्हर्जिनियातली फेअरफॅक्स, अजून कुठली!

भटक्या: शेजारच्या लाउडन काउंटीवालेही असंच म्हणतात. इयत्ता?

सोनटक्का: शाळा भरून वाहतायत, हद्दी हलणारच. आमच्या चिरंजीवांची जेवणाची सुट्टी पावणेअकराला, कारण कॅफेटेरियात सगळे एकदम मावत नाहीत. गणित शाळेमागच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वर्गात. पाऊस असला की वही जॅकेटात कोंबून पळायचं. दुसरीकडे काही शाळांत बाकं रिकामी.

करदाता: मग बांधा ना शाळा! २०२५ मध्ये हर्नडनजवळची किंग अब्दुल्ला अकादमी ही खासगी शाळा १५ कोटी डॉलरला घेतलीच की. वर जानेवारी २०२६ पासून हॉटेलातल्या जेवणाच्या बिलावर ४ टक्के कर. पैसा मुरतो कुठे?

सोनटक्का: दोन खिसे वेगळे आहेत साहेब. बांधकामाचा बराचसा पैसा बाँडचा, म्हणजे कर्जाचा, तो मतदार मंजूर करतात. त्यातून शिक्षकांचे पगार होत नाहीत. आणि व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला कर लावायचा अधिकारच नाही, काउंटीचं निवडून आलेलं सुपरवायझर मंडळ देईल त्यात भागवायचं.

करदाता: लाउडन बघा, डेटा सेंटरकडून मिळणाऱ्या कराच्या जिवावर घरपट्टीचा दर उतरवतात.

सोनटक्का: जा मग तिकडे, रात्रभर पंख्यांची घरघर ऐकत बसा.

नाना_कोथरूड: आमच्याकडे आरटीईत १ किलोमीटरच्या आतल्यांचा नंबर आधी लागतो. भाडेकरार नोंदणीकृत हवा, हे विसरू नका.

चिंचगूळ: नाना, पुण्याचं नको हो! मुलगी आठवीत, धाकटा तिसरीत.

भटक्या: हे आधी सांगायचं ना. प्रायमरी, मिडल, हायस्कूल, तिन्हींच्या हद्दी वेगळ्या, बदलली कुठली? हायस्कूलची असेल तर सहसा वरच्या वर्गांना जुन्या शाळेत राहू देतात, नव्याने नववीत जाणाऱ्यांचं कठीण. ट्रान्सफरचा अर्ज असतो, पण भरलेल्या शाळेत तो चालत नाही. स्कूल बोर्डाच्या ठरावानंतर ३० दिवसांत सर्किट कोर्टात जाता येतं, मात्र बोर्डाने मनमानी केली हे दाखवावं लागतं. नुसतं ‘शाळा बघून घर घेतलं’ चालणार नाही. ठराव व्हायचा असेल तर सुनावणीत बोला, ते स्वस्त.

करदाता: वकिलाचा तासाचा दर विचारून या आधी.

मोगरा७: मुलगी आठवीत ना? मग थॉमस जेफरसनचा, त्या निवड करून मुलं घेणाऱ्या विज्ञान हायस्कूलचा, अर्ज भरलात का? कुठला क्लास लावलात?

चिंचगूळ: क्लास नाही लावला. भटक्या, हायस्कूलची बदललीय. ठराव अजून व्हायचाय. सुनावणीसाठी नाव कुठे द्यायचं?

भटक्या: स्कूल बोर्डाच्या क्लार्ककडे. जागा मोजक्या असतात, नोंदणी उघडली की लगेच भरा. आणि त्या समोरच्यांनाही घेऊन जा.