नाकाताचं जरा जास्तच कौतुक होतं का?

डावखुरा
जपानी फुटबॉलचा विषय निघाला की आधी हिदेतोशी नाकाता, बाकीचे मागाहून. मला हे पटत नाही. शुन्सुके नाकामुराचं काय? २००६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून मँचेस्टर युनायटेडला दोन फ्रीकिक घातल्या, एक त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर, दुसरी सेल्टिकच्या ग्लासगोत. दुसरीवर सामना १-० खिशात. २००७ मध्ये स्कॉटलंडचा सर्वोत्तम खेळाडू. २००० आणि २००४ चा आशिया चषक जिंकणाऱ्या दोन्ही संघांत तो होता. नाकाता दोन्हीकडे नव्हता.

शिट्टी वाजली
पदकं मोजताय, काळ विसरताय. १९९८ चा वर्ल्ड कप जपानचा पहिलाच, तिन्ही सामने हरले. त्या संघातला केस रंगवलेला २१ वर्षांचा पोरगा, म्हणजे नाकाता, थेट इटलीत पेरूजा क्लबकडे गेला. तेव्हा सेरी आ (इटलीची अव्वल लीग) म्हणजे बचावपटूंचं राज्य. पहिल्याच सामन्यात युव्हेंटसवर दोन गोल! सामना ४-३ ने गेला, पण नाव झालं.
आणि मे २००१? तेव्हा तो रोमा क्लबात. ट्यूरिनमध्ये याच युव्हेंटसविरुद्ध रोमा दोन गोलांनी मागे. प्रशिक्षक कापेलोने कर्णधार टोट्टीला बाहेर काढून नाकाताला उतरवलं. (रोमवाल्यांसाठी हे म्हणजे विठोबाला विटेवरून उतरवणं.) याने लांबून एक सणसणीत गोल मारला. शेवटी याचाच फटका गोलकीपरच्या हातून सुटला आणि मोंतेल्लाने बरोबरी साधली. त्या मोसमाचं विजेतेपद रोमाचं.

डावखुरा
अहो, पण रोमात एरवी बाकावरच असायचा की. एका संध्याकाळवर किती वर्षं काढणार?

तोक्योकर
दोघंही चुकताय. इथे माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या मंडळींना विचारा, ते काझूचं नाव घेतात. काझुयोशी मिउरा पंधराव्या वर्षी एकटा ब्राझीलला गेला. देशासाठी ५५ गोल. तरी १९९८ च्या संघातून ऐन वेळी वगळलं आणि वर्ल्ड कप कधी खेळायलाच मिळाला नाही. ती हळहळ अजून आहे. नाकाताबद्दल आदर आहे, जिव्हाळा नाही. पत्रकारांशी फटकून वागायचा. निवृत्तीसुद्धा स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर केली.

शिट्टी वाजली
फटकून वागायचा, मान्य. पण २००६ ला ब्राझीलकडून ४-१ हरल्यावर डॉर्टमुंडच्या मैदानात कितीतरी वेळ आडवा पडून होता, ते ज्यांनी पाहिलं त्यांना जिव्हाळा शिकवू नका.

डावखुरा
तेच म्हणतोय! २९ व्या वर्षी सोडलं, त्यामुळे त्याची उतरती कळा कुणाला दिसलीच नाही. नाकामुरा चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत घासत राहिला, मग त्याचं कौतुक कमी व्हायचंच. जास्त खेळणं हा काय गुन्हा आहे?

तोक्योकर
काझूला विचारून सांगतो. तो पन्नाशी उलटल्यावरही बूट बांधून मैदानात उतरत होता.