रँचवरची चुरस आणि प्रेम: जाणकारांनो, लिहा

अमेरिकेतल्या गुरांच्या रँचवर काउबॉयमध्ये चुरस कशावरून लागते आणि प्रेम जुळायला जागा कुठे? किस्से नकोत, नेमकं कसं चालतं ते सांगा.

नेवाडातून: चुरस बघायची तर वसंतात वासरांना डाग देताना, म्हणजे तापल्या सळईने मालकीची खूण उमटवताना. शेजारच्या रँचवरची माणसंही मदतीला येतात, पण घोड्यावरून फास टाकायचा मान कुणाचा, ते मुकादम ठरवतो. बाकीचे खाली, वासरं धरायला. मागचे दोन्ही पाय फासात घ्यायचे, दोराचे वेढे खोगिराच्या हॉर्नला (पुढच्या उंच खुंटाला) मारायचे आणि वासरू सावकाश आगीपाशी ओढायचं. वेढे मारताना अंगठा वर. कुणीतरी बघतंय म्हणून घाई केली की तो दोरात सापडतो, कधी तुटतोच. घोडा दामटून वासरं बुजवणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी वर बसवत नाही.

टेक्सासमधून: इकडे वेढे नाहीत, दोराचं टोक हॉर्नला आधीच पक्कं बांधलेलं. अंगठा वाचतो, पण दांडगा बैल अडकला तर सोडायची सोय नाही. आमचा दोर ३० फुटांच्या आसपास, नेवाडावाल्यांचा ६० फुटीसुद्धा. कुणाची रीत बरी हा वाद मिटलेला नाही, मिटूही नये!

डागाबद्दल एवढंच: सळई लालबुंद नको, राखाडी झाली की उचला. ओल्या अंगावर डाग फिसकटतो, मग वासरू कुणाचं यावरून वेगळीच चुरस.

प्रेमाबद्दल, पुन्हा टेक्सास: जुनी जागा म्हणजे नाच. ॲन्सन गावचा काउबॉयांचा नाताळ-नाच १८८५ चा. त्या काळी बायका मूठभर, म्हणून काही पुरुष दंडाला रुमाल बांधून बाईच्या जागी नाचत. दुसरी जागा पेटीचा लिलाव. मुलगी दोघांपुरतं जेवण सजवलेल्या पेटीत बांधायची, पेटी घेणारा तिच्यासोबत जेवायचा. पेटी कुणाची हे गुपित, पण रिबिनीचा रंग आधीच फुटलेला असायचा. मग दोस्तच मुद्दाम बोली चढवत, तेही महिन्याचा पगार ३०-४० डॉलर असताना. पैसे बहुधा शाळेला जात.

मोंटानातून: लग्न ठरलं की बंकहाउस, म्हणजे एकट्या गड्यांची राहायची सामायिक जागा, सुटतं. नोकरीच्या जाहिरातीत पगारापेक्षा आधी बघा: कुटुंबासाठी घर आहे का, घरखर्चाचं बीफ मिळतं का, स्वतःचे घोडे किती ठेवता येतात. आणि हिवाळ्यात रस्ता कोण मोकळा करतो, हे बायकोच्या आधी तुम्ही विचारा.