मदत हवी आहे: १९८४ च्या होंडा एटीसी २००एक्सला २५०आरचे फोर्क बसवणे

नमस्कार मंडळी. इथे ओहायोत माझ्याकडे १९८४ ची होंडा एटीसी २००एक्स ही तीनचाकी आहे. तिच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील दोनदा बदलूनही गळती थांबलेली नाही, कारण आतल्या नळीवरचा क्रोम नेमका सील घासतो तिथेच उडाला असून नख फिरवले की अडकते. अमेरिकेत १९८८ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर नव्या तीनचाकींची विक्रीच बंद झाल्याने धड नळ्या मिळणे अवघड आहे, म्हणून मी होंडाच्याच एटीसी २५०आर या तीनचाकीचा जुना फोर्क (दोन्ही शॉकअपची जोडी) टीसकट, म्हणजे दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पसकट, घेतला. व्हर्नियर लावला तर नळ्या जाड भरल्या. जुन्या टीमध्ये त्या बसणे शक्य नाही.

आता २५०आरच्या टीमधला स्टेम (गाडीच्या चौकटीत फिरणारा उभा दांडा) प्रेसवर काढून तिथे २००एक्सचा स्टेम बसवावा, की टी आहे तशी ठेवून कोनसेट (स्टेमच्या बेअरिंगचा संच) जुळवावा? पुढे एकच चाक असल्याने स्टेमच्या बाबतीत मला जुगार खेळायचा नाही. शिवाय, स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून तेलाची पातळी नळीच्या वरच्या कडेपासून मोजायची हे ठाऊक आहे. परंतु माझी गाडी शेतातल्या पायवाटेवर सावकाश चालते, तेव्हा तेल थोडे पातळ घेतलेले चालेल का? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे.