बाबाचं डायलिसिस पाच वर्षांच्या मुलाला कसं सांगू?

मृदुला_के
नमस्कार. आम्ही नाशिकचे. नवऱ्याचं डायलिसिस दिवाळीनंतर सुरू झालं. मंगळ-गुरू-शनि, सकाळची पाळी, चार तास. मुलगा मोठ्या गटात आहे. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा लेकराला कशाला सांगायचं, म्हणून घरात 'बाबा कामाला गेलाय' हेच चालू आहे. पण पोरगं बावळट नाही. कामाहून आलेला बाबा हाताला पट्टी लावून येतो आणि तसाच आडवा होतो, हे त्याला दिसतंच.

आता मुद्दा. शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. खेळायच्या नादात राहत असेल असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, पी म्हटलं तरी ओठ मिटून बसतो. रात्री खोदून विचारलं तर म्हणाला, "पाणी प्यायलं की पाय सुजतात." घरात दिवसभर तेच ऐकतो ना! परवा हट्टाने बाबासाठी शहाळं आणायला लावलं, तर सासूबाईंनी ते हातातून काढून घेतलं. शहाळ्यातलं पोटॅशियम बाबाला चालत नाही हे त्याला काय कळणार?

किती सांगू? 'बाबा बरा होईल ना' म्हणाला तर काय उत्तर देऊ? ट्रान्सप्लान्टसाठी नाव नोंदवलंय, पण नंबर कधी लागेल कोण सांगणार.

सोमबुधशुक्र
मृदुलाताई, मी कोण ते आयडीवरून कळलंच असेल. आधी पाण्याचं मिटवा, आजच. मी लेकीला असं सांगितलं होतं: पाठीत दोन बाजूंना मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. त्या रक्तातली घाण आणि जादा पाणी गाळून त्याची शू करतात. माझ्या बंद पडल्यात. मला शू जवळपास होतच नाही, म्हणून पाणी अंगात साठतं. तुला होते ना? मग तुझ्या चालू आहेत, पी हवं तेवढं. तेव्हापासून बाथरूममधून आली की ओरडायची, "माझ्या चालू!" पाहुण्यांसमोरसुद्धा. चालायचंच.

दुसरं, फिश्चुलाला, म्हणजे हातावर जिथे डायलिसिसच्या सुया टोचतात तिथे, हात लावू द्या (सुयांच्या जागा भरल्यावर, हात धुऊन). तिथे धमनी आणि शीर जोडलेली असल्याने रक्त जोरात धावतं, बोटाला मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. एकदा ते कळलं की नियमही कळतो: या हाताला लोंबकळायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. दुसरा हात तुझा.

आणि 'रक्त काढतात' म्हणू नका, मुलांना वाटतं सगळं संपणार. एका सुईतून बाहेर येतं, मशीनमध्ये साफ होतं, दुसऱ्या सुईतून परत जातं. एका वेळी पेलाभरच बाहेर असतं.

लेक आता माझ्या पाण्याचा हिशेबही ठेवते. सकाळी बाटली भरते, चहा, आमटी सगळं त्यातून वजा. मजा वाटते तिला.

वाईची_लेक
बाकी सगळं पटलं, हिशेबाचं नाही. मी तिसरीत असताना आमच्या दादांचं (वडिलांचं) डायलिसिस सुरू झालं. साताऱ्याला न्यावं लागायचं. घरी पाण्याची पहारेकरीण मी. एका रात्री त्यांना धाप लागली, फुप्फुसात पाणी झालं होतं, शेजाऱ्यांच्या जीपमधून नेलं. लग्नाच्या पंगतीत कलिंगडावर ताव मारून आले होते, हे मला खूप नंतर कळलं. त्या रात्री मात्र मी एकच धरून बसले, मी झोपले म्हणून झालं. कोणाला बोलले नाही. पोराला काम द्यायचंच तर बाबाला उशी आणून दे, टीव्हीचा रिमोट दे, एवढंच.

मृदुला, त्याने न विचारताच सांगून टाक की हे तुझ्या दंग्यामुळे झालेलं नाही आणि बाबाच्या ताटात जेवलं म्हणून तुला होणार नाही. 'तुला कधीच होणार नाही' म्हणण्याआधी मात्र डॉक्टरांना विचार, किडनीत गाठी होण्याचा आजार घराण्यात चालतो. मंगळवारी शाळेत कोण सोडणार तेही सांग, मुलांना त्याचीच जास्त धास्ती. 'कामाला गेलाय' आधी बंद कर. उद्या तू कामाला निघालीस की रडेल.

बरं होण्याचं: "या किडन्या परत चालू होणार नाहीत, त्यांचं काम मशीन करतं. कोणाची किडनी मिळाली तर मशीन सुटेल, गोळ्या मात्र रोज." आणि "काही काळजीचं असलं तर मी तुला सांगेन." दिवसाचं वचन देऊ नकोस.

सोमबुधशुक्र
आमची पाचवीतली आहे, तिला झेपतं असं मला अजून वाटतं. पाच वर्षांच्याला नको, हे मान्य.

मृदुला_के
दोघांचे आभार. काल सासूबाईंना समोर बसवूनच सांगितलं. हाताला बोट लावून बराच वेळ हसत होता. आज बाटली अर्धी आली. सासूबाई आता स्वतःच शेजारणीला 'डायलेसला गेलाय' सांगतात. त्याचा नवा प्रश्न: मशीन शू कुठे करतं?

सोमबुधशुक्र
करतं ना! मागच्या नळीतून थेट ड्रेनेजमध्ये. किती पाणी काढलं ते स्क्रीनवर आकड्यात दिसतं. मुलांना आत सहसा सोडत नाहीत, सिस्टरना विचारून त्या आकड्याचा फोटो आणायला सांगा. त्यात दुसऱ्या पेशंटचा चेहरा येऊ देऊ नका.