मदत हवी आहे: फोनिक्सची डिकोडेबल पुस्तकं कुठली घेऊ?

वेंगुर्ल्याची_आई: मुलाला वाचता येत नाहीये, बाई रोज वहीत शेरा लिहून पाठवतात. एबीसीडी धडाधड म्हणतो पण पुस्तक धरलं की नजर आधी चित्रावर. काल खाली 'शिप' लिहिलेलं, हा 'बोट' म्हणून पान उलटून मोकळा. बहीण म्हणाली डिकोडेबल पुस्तकं घे. इथे दुकानात मागितली तर रंगवायची पुस्तकं काढून दिली. कुठला सेट ते पटकन सांगा, आज ऑर्डर टाकायचीये.

समुद्रकाठ: कितवीत आहे? मीडियम कुठलं? शाळेत फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला, शिकवतात का? काहीच न सांगता सेट कसा सुचवायचा?

हापूसवाला: पुस्तकं बिस्तकं नकोत, रोज पाढे आणि स्पेलिंग घोकून घ्या. आधी मोबाईल काढून घ्या.

वेंगुर्ल्याची_आई: मोबाईल देतच नाही हो. पहिलीत, इंग्लिश मीडियम, घरी मालवणी. एसटीवरची 'कुडाळ', 'मालवण' पाटी लगेच वाचतो, अडतं ते इंग्रजीत.

आजोबा_मालवण: गो बाय, मराठी शाळेत घाल त्याका. माझो नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत आसा, दुसरीत पेपर वाचता.

समुद्रकाठ: आजोबा, तिने शाळा विचारली नाहीये. ताई, 'स्टोरीवीवर' ही वेबसाइट बघा, प्रथम बुक्सची आहे, फुकट, लेव्हलप्रमाणे गोष्टी आहेत.

पहिलीच्या_बाई: स्टोरीवीवर रात्री तुम्ही वाचून दाखवायला उत्तम, पण तिथल्या लेव्हल गोष्ट किती सोपी, वाक्यं किती लांब यावर आहेत, आवाजांवर नाहीत. डिकोडेबल म्हणजे मुलाला जेवढे आवाज शिकवलेत जवळजवळ तेवढ्यांचेच शब्द. इंग्लंडच्या २००७ च्या 'लेटर्स अँड साउंड्स' या सरकारी फोनिक्स कार्यक्रमात आधी एस ए टी पी, मग आय एन एम डी असा क्रम आहे, एवढ्यात सॅट, पिन, मॅन, डिप वाचता येतात. एसएच मिळून एक आवाज, हे त्याला शिकवलंय का? नसेल तर 'शिप'ला तो अंदाजच करणार, दुसरं काय करेल बिचारा. आणि आपल्या मुलांचं एक खास, 'क'मध्ये 'अ' असतोच ना, त्यामुळे प-इ-न म्हणतात आणि जोडलं की 'पइन' होतं. प् म्हणताना ओठ उघडले की लगेच थांबायचं, मागे 'अ' लावायचा नाही. सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा, म्म्म्म-अ‍ॅ-न्न्न, न तोडता. चित्र हाताने झाका, वाचून झालं की दाखवा.

हापूसवाला: आम्ही असं काही न करता शिकलो की.

समुद्रकाठ: आणि वर्गात मागे राहिले ते? बाईंचं पटलं. 'मालवण'सुद्धा वाचतो का नुसता ओळखतो ते तपासा, 'लमाव' असलं काहीही लिहून द्या. इंग्लंडमध्ये पहिलीतल्या मुलांना २०१२ पासून ४० शब्द वाचायला देतात, त्यातले २० बिनअर्थाचेच असतात, अंदाज चालत नाही.

वेंगुर्ल्याची_आई: 'लमाव' बरोबर वाचलं! 'पिन' मात्र 'पइन'च म्हणाला. पण कंपनी कुठली ते कोणीच सांगेना.

पहिलीच्या_बाई: शाळेत कुठले आवाज झालेत ते वर्गबाईंना विचारा, मग सेटची नमुना पानं उघडा. न शिकवलेले आवाज सारखे येत असतील तर कितीही नावाजलेला असो, आत्ता नको.

आजोबा_मालवण: वेंगुर्ल्याक कुरियर घरपोच येता काय? आमका नाक्यार जावन आणूचा लागता.