प्रतिसाद: संशोधन विरुद्ध ओपीडी

‘बालशल्यचिकित्सकाचं संशोधन बढतीपुरतं, ओपीडीतल्या बाळाला त्याचा काय उपयोग’ हा वरचा मुद्दा निम्माच खरा आहे. बढतीसाठी पाडलेले पेपर असतातच, पण बिलिअरी अट्रेझियाचं उदाहरण घ्या. नवजात बाळाच्या या आजारात यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद होत जातात, पित्त अडतं आणि कावीळ टिकून राहते. यावरची कासाई शस्त्रक्रिया (कासाई हे जपानी सर्जनचं नाव; यात आतडं थेट यकृताला जोडतात) बाळ साधारण ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त, हे रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्यामुळेच कळलं. त्यातूनच शीचा रंग जुळवून पाहायचं कार्ड आलं. तैवानमध्ये ते २००४ पासून देशभर वापरतात.

आपल्याकडे घोळ होतो तो सर्जनकडे पोचण्याआधी. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल कावीळ’ यात महिना जातो (पुण्यात उन्हाला तोटा नाही!). बाळ दूध पितं, वजनही सुरुवातीला बरं वाढतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली तर रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) तपासताना नुसतं टोटल नको, डायरेक्टही (यकृतात प्रक्रिया झालेला त्याचा भाग) करून घ्या. ते वाढलेलं असेल तर ऊन किंवा फोटोथेरपी (बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवणं) हा उपाय नव्हे. शी पांढुरकी आणि लघवीचा लंगोटाला गडद पिवळा डाग पडत असेल, तर त्याच आठवड्यात बालशल्यचिकित्सक गाठा.